आधी तेलाचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही पुष्पाला ओळखत नाही.

पुष्पा माझी मैत्रीण. नागपूरच्या महाल भागात तिच्या वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, आणि तेलरंगात तिचा हात असा बसलेला की माझा जीव जळायचा. हो — जळायचा. दोघीही पुस्तकांसाठी चित्रं काढायचो, पण काम आधी तिच्याकडे जायचं.

ऐंशीच्या सुमारास मला मुंबईहून अ‍ॅक्रिलिक रंग मिळाले. पाण्यात कालवायचे, पण एकदा वाळले की पाण्यानं न हलणारे. नागपुरात तेव्हा ते कुणाला ठाऊक होते? सक्करदऱ्यातल्या माझ्या खोलीत मी कागदांमागून कागद नासवले — आणि एका दुपारी जमलं! खाली पांढरा-पिवळा अ‍ॅक्रिलिक. तो वाळल्यावर वरून तेलात पातळ केलेल्या शेंदरी रंगाचा एकच हात. कागदावरचा आकाशकंदील पेटला. मी खोलीत एकटीच नाचले. ही रीत मला कुणी शिकवली नव्हती, ती माझी होती.

त्याच सुमारास एका दिवाळी अंकानं मुखपृष्ठासाठी आम्हा दोघींकडे चित्र मागितलं. आकाशकंदिलाचंच. दोघींपैकी एकीचं छापणार होते. पुष्पा घरी आली आणि माझा कंदील बघतच राहिली.

"शैले, हा उजेड कसा आणला वं? मले सांग ना."

नाही म्हटलं असतं तर ती रुसली असती, एवढंच ना? पण मी — मी तिला उरलेले रंगसुद्धा दिले. वर प्रेमानं सांगितलं, "आधी तेलाचा हात दे. चांगला वाळू दे. मंग वरून हे रंग."

उलटं सांगितलं. तेलावर तो रंग धरत नाही, हे मी स्वतःचेच कागद नासवून शिकले होते.

आम्ही दोघी चित्रं द्यायला गेलो तेव्हा संपादकांनी तिच्या चित्रावरचा बटर पेपर उचलला, आणि त्याला चिकटून अख्खा कंदील सालीसारखा निघून आला. खाली नुसता तेलकट डाग. पुष्पाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाईट वाटलं? नाही हो. मनात उकळ्या फुटत होत्या! अंक निघाला तेव्हा दुकानादुकानांत माझा कंदील टांगलेला होता, आणि मी मुद्दाम सायकल काढून त्या सगळ्या दुकानांवरून फिरून आले. आजही तो दिवस आठवला की छाती फुगते. खरं तर हेच कबूल करायचं होतं.

पुष्पानं पुन्हा पुस्तकासाठी चित्र काढलं नाही. पाट्याच रंगवत राहिली.

पुढे माझा सत्कार झाला, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. दोन शब्द बोलायला आपणहून उठली.

"शैलानं मले तिची रीत काही हातचं न राखता सांगितली होती," ती म्हणाली. "मीच घाई केली. तेल वाळूच देल्लं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.