अडीच फूट टेप

शूसाहेबांचं खरं नाव रेडिओ केंद्रावर फार थोड्यांना ठाऊक होतं. ते वार्ताहर, पण जीव रमायचा तो पाण्याच्या, पाखरांच्या, वाऱ्याच्या आवाजांत. रेकॉर्डिंग चालू असताना बरोबरच्याने हूं की चूं करायचं नाही, हा त्यांचा कायदा. शिंक आली तर गिळायची, पोटात कावळे ओरडू लागले तर त्यांनाही दटावायचं. तोंडावर बोट ठेवून इतक्या वेळा 'शू' म्हणून झालं, की तेच नाव त्यांना चिकटलं.

आणि बायको मिळाली ती अशी, की तिच्या तोंडाची टकळी थांबायचं नाव घेत नसे. दुधवाल्याशी बोलायची, गॅलरीतल्या वेलाशी बोलायची, कोणीच नसलं तर न निघणाऱ्या डब्याच्या झाकणाशी भांडायची. तरीही ती प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर जायची. छत्री आणि थर्मास मांडीवर घेऊन, ओठ घट्ट मिटून, दोन-दोन तास चिखलात बसायची. नवऱ्यासाठी बायका काय काय करतात याची कुणी यादी केलीच, तर हे बरंच वर घालावं लागेल.

एकदाच तिचा संयम सुटला. तळ्याकाठी नुकतं उजाडत होतं, टिटवी ओरडून गेली आणि ही काहीतरी बोलली. अगदी हळू, चार सेकंद. कानाला हेडफोन असूनही शूसाहेबांनी शब्द ऐकले नाहीत, फक्त रेकॉर्डिंग नासलं एवढं ऐकलं. परत येताना त्यांनी अबोला धरला आणि घरी येऊन ब्लेडने तेवढा तुकडा कापला. त्यांच्या मशीनवर चार सेकंद म्हणजे अडीच फूट टेप. त्या जागी त्यांनी त्याच रेकॉर्डिंगमधलं चार सेकंद नुसतं पाणी जोडलं, असं बेमालूम, की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

तिने तो तुकडा कचऱ्यातून उचलला. "तुम्हाला नको असेल, तर माझ्या वेलाला चालेल," म्हणाली आणि त्या तुकड्याने वेल गॅलरीच्या गजाला बांधून टाकला. दोन दिवसांनी राग उतरल्यावर त्यांनी विचारलं, की तेव्हा काय म्हणालीस.

"ऐकायचं होतं, तर कापलंत कशाला?" ती हसून म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारायला उभा जन्म पडला आहे, असं वाटत होतं.

ते रेकॉर्डिंग केंद्राने उचललं. सकाळच्या प्रसारणाची पहिली सभा त्यानेच सुरू होऊ लागली. एकोणीस वर्षं, रोज. श्रोत्यांची पत्रं यायची आणि बहुतेकांना टिटवीपेक्षा टिटवीनंतरची ती शांतता आवडायची. शूसाहेब ती पत्रं बायकोला मोठ्याने वाचून दाखवत. तीही ऐकून घ्यायची, बिचारी.

चार महिन्यांपूर्वी, दुपारी मटार सोलता सोलता ती गेली. डॉक्टर येईपर्यंतही थांबली नाही. ज्या शांततेसाठी शूसाहेबांनी रानं तुडवली, ती आपल्या पायांनी घरी येऊन बसली आणि त्यांना ती सोसवेना. मग त्यांनी तिचा आवाज शोधायला घेतला. कपाटातली एकूण एक टेप ऐकली. कानांत प्राण आणून ऐकली. लोकांच्या समारंभांच्या व्हिडिओंत ती होती, पण तिथे वरून गाणी चढवलेली. सापडली ती फक्त त्यांच्या नोंदवहीत, त्यांच्याच अक्षरात: ही शिंकली, काढले. ही हसली, काढले. टिटवीनंतर ही बोलली, चार सेकंद, काढले. तीस वर्षांत एका जागी तरी हात चुकायला हवा होता. पण काम चोख होतं.

अशात केंद्रावरून बोलावणं आलं, निसर्गाचे आवाज कसे टिपावेत यावर तासभर बोलायचं, थेट प्रसारण. जायच्या दिवशी सकाळी वेलाला पाणी घालताना त्यांना गजाशी ती तपकिरी पट्टी दिसली. एकोणीस वर्षं ती डोळ्यांसमोर होती. गाठ नखांनी सुटेना, रिक्षा खाली उभी. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली, पट्टी पाकिटात घातली आणि धावत जिना उतरले.

केंद्रावरचा जुना तंत्रज्ञ त्यांच्याच वयाचा. काही न विचारता त्याने जुनं मशीन पुसलं, मूळ टेपमधलं खोटं पाणी काढलं आणि तिथे ती पट्टी जोडली. आधी एकदा वाजवून बघू या का, एवढंच त्याने विचारलं. पट्टी पापडासारखी झाली होती. शूसाहेब म्हणाले, एकदाच वाजायची असेल, तर सगळ्यांदेखत वाजू दे.

मुलाखत घेणारी निवेदिका चुणचुणीत होती. माइक कुठे ठेवावा, वारा कसा अडवावा, सगळं तिने विचारलं आणि शूसाहेबांनी सांगितलंही, पण त्यांचं लक्ष काचेपलीकडच्या मशीनवर होतं. शेवटी त्यांनी मान हलवली. टेप फिरली. पाणी आलं, वारा आला, टिटवी ओरडली.

मग खरखर. चार सेकंद कोरडी खरखर, बाकी काही नाही. उन्हापावसाने पट्टीवरचं सगळं धुऊन नेलं होतं. पुन्हा पाणी सुरू झालं, तेव्हा तंत्रज्ञाने आवाज खाली आणला आणि मान फिरवली.

"इथे माझी बायको बोलली होती," शूसाहेब म्हणाले. "तुम्ही रोज सकाळी जी शांतता ऐकता ना, तिथे. मला वाटलं, ती मध्ये आली. काय म्हणाली होती, ते मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही."

उरलेल्या वेळात केंद्राने वाद्यसंगीत लावलं.

तंत्रज्ञाने पट्टी सोडवून, पाकिटात घालून परत दिली. शूसाहेब घरी आले तेव्हा आधार गेलेला वेल गॅलरीच्या फरशीवर आडवा झाला होता. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. वेल उचलून गजाला टेकवला, पट्टी त्याच जागी दोनदा गुंडाळली आणि दोन्ही टोकं हातात घेऊन ते थांबले.

ती गाठ तिने घातली होती. तिच्या हातची, एकोणीस वर्षं टिकलेली. सकाळी दातांनी सोडवताना ती कशी होती, हे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं.