हाळीची कॅसेट

माइक घ्यायला निघालेली नवी पोरं माझ्याकडे येतात आणि आधी किंमत विचारतात. मग मी चिडतो. अरे बाबांनो, आधी काय टिपायचंय ते ठरवा. माइक मुख्यतः दोन स्वभावांचे. डायनॅमिक माइक जरा बहिरा. तोंडाजवळ धरून खणखणीत बोललं की त्याला कळतं, लांबचा कलकलाट तो फारसा मनावर घेत नाही. म्हणून मंडपातलं भजन, ढोलकी, भाषण त्याच्याकडे द्यावं. कंडेन्सर मात्र चोंबडा. त्याला वीज लागते, पण एकदा ती मिळाली की गाणाऱ्याचा श्वास, बांगडीची किणकिण, शेजारच्या खोलीतला खोकला, काही सोडत नाही. हळू गळ्याला आणि तारांच्या वाद्याला तो हवा. पोरं माना डोलावतात. हे सगळं मी आबांच्या आवाजावर शिकलो, ते मात्र त्यांना सांगवत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. लोणीच्या बाजूला आमचं घर, थोडं जिराईत रान आणि मेंढरं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मंचरला एका रेकॉर्डिंगच्या खोलीत कामाला होतो. भजनी मंडळं यायची, गावोगावच्या देवांची गाणी कॅसेटवर निघायची, आणि मी तारा गुंडाळता गुंडाळता माइक लावायला शिकत होतो. आबांना माझ्या धंद्याचं नवल वाटायचं. "येकदा बोललेलं परत कशापायी ऐकायचं?" म्हणायचे.

त्या साली त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला. स्वरयंत्र काढलं तर माणूस राहील, म्हणाले. आई तिथंच रडायला लागली. आबांनी एवढंच विचारलं, "मंग मेंढरं कशी वळायची?" डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. मला कळला. मेंढरू काठीला भितं, पण मागं येतं ते हाळीच्या. आबांची हाळी म्हणजे आधी जिभेची टाळूवर टकटक, मग लांब ओढलेला "हुर्र्यो", दमभर थांबून पुन्हा तेच. त्यावर अख्खा कळप माना वर करायचा.

"आबा, हाळी टेपात भरून ठेवू," मी म्हणालो.

"डबीतनं हाळी दिली तर येतील व्हय?"

"येत्यात की. न येऊन सांगत्यात कुणाला?"

मोठ्या तोऱ्यात बोललो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना रेकॉर्डिंगच्या खोलीत नेलं. बोलताना घसा बसलेला, पण हाळी अजून दणदणीत, म्हणून खोलीच्या मालकांनी डायनॅमिक माइक लावला. आबा पटका सावरत त्याच्यासमोर उभे राहिले आणि समोरच्या भिंतीकडे नुसतेच बघू लागले. "हितं तर येक बी मेंढरू न्हाई. भिताडाला काय हाळी द्यायची?" तरी माझ्यासाठी दिली. स्वच्छ, खणखणीत आली. मालक खूश झाले. आबा मात्र चारचौघांत उघडे पडल्यासारखे बाहेर आले, आणि मला वाईट वाटलं.

मग मी पेन्सिल सेलवर चालणारा छोटा कंडेन्सर मागून घेतला. मेंढरं तेव्हा निरगुडसरला एका बागायतदाराच्या रानात बसवलेली होती. खतासाठी लोक कळप बसवून घेतात. कंडेन्सरला वारा सोसत नाही, फडफड येते, म्हणून आबांनीच एक लोकरीचा पुंजका काढून माझ्याकडे दिला. तो माइकला गुंडाळला आणि त्यांच्या बाजूनं चालत राहिलो. त्या कॅसेटमध्ये सगळं आलं. टकटक, हाळी, हाळीच्या मधला घरघरता श्वास, काठीचा ठोका, आणि मागं राहिलेल्या एका मेंढीला म्हणालेलं, "ये बाय, ये."

ऑपरेशन नीट झालं. आबा घरी आले ते गळ्याला भोक घेऊन. शीळसुद्धा येईना. जिभेची टकटक जमायची, पण हुर्र्योशिवाय मेंढरं तिला ओळखत नव्हती. कळप तोवर चुलतभावानं सांभाळलेला. आबा टाळ्या वाजवत, काठी आपटत पुढं चालायचे आणि मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरायची. लोक ओरडायचे. आबा ओरडू शकत नव्हते. एका सकाळी त्यांनी मला खुणेनं सांगितलं, तुझी डबी आण.

मी स्पीकरची पेटी बांधावर ठेवली आणि आधी खोलीतली कॅसेट लावली. मेंढरं खाली मान घालून चरत राहिली. मग रानातली लावली. पहिल्या हुर्र्योलाच माना वर झाल्या. कळप धावत आला. आबा मधेच हात पसरून उभे होते. मेंढरं त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत पुढं गेली आणि पेटीशी गोळा झाली. आबांनी बाटलीनं वाढवलेली एक मेंढी पेटीला नाक लावून उभी राहिली. आबांचे ओठ टेपबरोबर हलत होते. मला इतकं रडू आलं की बटण सापडेना. आवाज थांबला तरी एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर आबांनी पेटी मागितली नाही. पुढच्या बाजाराला त्यांनी कळप चाकणला विकायला काढला. घेणारा आमच्यातलाच मेंढपाळ होता, भला माणूस. मेंढरं टेम्पोत चढेनात तेव्हा त्यानं विचारलं, "पावणं, कोंच्या हाळीला येत्यात ही?" आबांनी बंडीच्या खिशातून रानातली ती कॅसेट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. ती त्यांनी कधी घेतली होती, मला माहीत नव्हतं. दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. काढू काढू म्हणत राहिलो होतो.

"आबा, येकच हाय ती," मी म्हणालो. "मला ऱ्हाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेम्पोकडे बोट केलं, आणि हात हलवून नाही म्हणाले. मग फळीतून हात घालून त्या बाटलीच्या मेंढीची पाठ चोळत राहिले. टेम्पो सुरू झाला तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.