मिठाची पुरचुंडी आणि ठाण्यातली एक जागा

डोंबिवलीहून ठाण्याला जायचं तर शहाण्या माणसाने आगगाडीत बसावं. आम्ही बैलगाडीने निघालो, कारण बाबूकाकांना वाटेत शिळफाट्याच्या वाण्याकडे मिठाची दोन पोती टाकायची होती, आणि जिच्यासाठी हा खटाटोप ती हिरा त्यांचीच लेक. मिठागरात राबणाऱ्या त्यांच्या घरातली ती पहिली मॅट्रिक. ठाण्याच्या एका शाळेत सुट्टीत मोफत वर्ग भरणार होता, गरिबाघरच्या मुलांना सायन्स कॉलेजसाठी तयार करणारा. त्यात एकच जागा उरलेली. ती हुकली की हिराचं लग्न. काकूंनी मुलगा हेरून ठेवलेला.

मी इंटर सायन्स अर्ध्यावर सोडलेला माणूस. प्रयोगशाळेत एका शिक्षकाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून दर रविवारी शरयूच्या ओटीवर खाडीकाठच्या मुलांना विज्ञान शिकवतो. कंदिलाची काच हे आमचं नरसाळं, आणि काटा सोनाराकडून मागून आणलेला. शरयू बीजगणित शिकवते. मी केवळ विज्ञानासाठी तिथे जातो, असं मी सगळ्यांना सांगतो.

ती आमच्याबरोबर येणार होती. म्हणून तर मी इस्त्रीचा सदरा घातलेला. ऐन निघताना म्हणते, "मी नाही येत. मी आले तर तू हिराकडे बघणारसुद्धा नाहीस." बरोबर बोलली, याचाच जास्त राग आला.

शिळफाट्यापर्यंत रस्ता असा, की पोटातली भाकरी तिथेच पुन्हा थापली जाते. फाट्यावर उसाचा रस मिळतो. बर्फ मागू नका, नसतो. वाण्याकडे पोती आणि बैलगाडी ठेवून आम्ही ठाण्याची एस.टी. धरली. तिकिटाला सुटे आणे ठेवा, नोट पाहिली की कंडक्टर आपल्याला सावकार समजतो. मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना हिरा खिडकीला नाक लावून सूत्रं पुटपुटत होती. बाबूकाकांच्या मांडीवर वर्गाच्या सरांसाठी आणलेल्या मिठाची पुरचुंडी.

टेंभी नाक्यावर उतरून पुरी-भाजी खाल्ली. भाजी तिखट, पुऱ्या फुगलेल्या, मालक त्याहून फुगलेला. तिथून शाळा चालत दहा मिनिटं.

वर्गात कोणाला घ्यायचं ते पारखून ठरवणारे दातार सर तरुण निघाले. पुरचुंडी बघून हसले. "वा! यातच किती माती आहे ते काढून दाखव."

बाबूकाका दुखावले. "माती? आमच्या मिठान?"

हिराने मीठ वजन करून बशीत घेतलं. सरांनी हात पुढे केला. "दे, बघू." तिने बशी टेबलावर ठेवली. "हातात दे." ती उभीच. "सर, खाली ठेवते, तुम्ही उचला. मीठ हातात दिलं की भांडण होतं."

वर्षभर मी काय शिकवलं होतं? माझं डोकं फिरलं. "हिरा! हे विज्ञान आहे! दे हातात!"

तिने दिली.

"हिला शिकवतं कोण?" सरांनी विचारलं.

"मी."

"तुमचं शिक्षण?"

"इंटर. अर्धं."

"अच्छा. म्हणजे गाळणीतून खाली गेलेले."

मग मी जे सुरू झालो! सरही कमी नव्हते. त्यांनी माझी अक्कल काढली, मी त्यांची नेकटाय. शिपाई दारात येऊन उभा राहिला. कोपऱ्यातून बाबूकाका समाधानाने म्हणाले, "मी पोरीला सांगलेला, मीठ हातान देऊ नको!"

आमचा दम संपला तेव्हा हिराचा आवाज आला. "सर, तुमचं झालं का?"

तिने मीठ विरघळवून गाळलं होतं. गाळणकागद मंद आचेवर वाळत होता, त्यावर चिमूटभर करडा गाळ.

सर वरमले. "वजन का नाही घेतलंस?"

"कागद ओला आहे. मिठागरात ओलं मीठ कोणी काट्यावर चढवत नाही, सर. पाणीच मोजलं जातं."

कागद वाळला. मग तिने वजन घेतलं, सरांनी पुन्हा घेतलं. जुळलं. त्यांनी वहीत हिराचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "सोमवारपासून ये. यांना आणू नकोस."

परतीच्या वाटेवर बाबूकाका प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत होते: जागा मिळाली, आणि भांडान बी झाला.

शरयू ओटीवर उभी होती. "हिरा?"

"मिळाली."

"आणि तू भांडलास."

मी चपला काढल्या. ती हसली. आजवर माझ्याकडे बघून ती इतकी हसली नव्हती, पण तिने हिरालाच जवळ घेतलं.

निघताना हिरा म्हणाली, "मास्तर, पुढच्या वर्षी मी इंटरला असेन. तुमचं रसायनाचं पुस्तक मला द्याल ना?"

"देतो की," म्हटलं.

घरी आल्यावर फळीवरून ते काढलं. अर्ध्यापर्यंत पानं मळलेली, खुणांनी भरलेली. पुढची छापखान्यातून आली तशी अजून कडेला जोडलेली, कापलेलीसुद्धा नाहीत. अशी पानं तिच्या हातात कशी द्यायची? सुरी आणली, आणि जिथे सोडलं होतं तिथलं पहिलं पान कापलं.