मनकर्णाबाईंचं बोट आणि विहिरीतला बिबट्या

धामणगाव बढ्यात माझी पिठाची चक्की आहे. लाईन असली की तिथे दळण होतं आणि लाईन गेली की वाचन. आमच्याकडच्या लाईनीचा स्वभाव पाहता वाचन जरा जास्तच होतं. वाचतात त्या मनकर्णाबाई. ऐकायला डबे घेऊन बसलेल्या बायका असतात, आणि चक्की सोडून कुठे जाता येत नाही म्हणून मी.

मनकर्णाबाईंना वय विचारलं तर म्हणतात, "तुह्या बापाले इचार. त्याच्या लग्नात म्या पोळ्या लाटल्या." चार लेकरं झाल्यावर त्या साक्षरता वर्गात अक्षर शिकल्या. गुरुजींनी दोन नियम घालून दिले होते. ओळीखाली बोट ठेवायचं आणि छापलेला एकही शब्द गाळायचा नाही. बाकीच्या बायका सही करायला शिकल्या, फोटो काढून घेतला आणि परत खुरपायला गेल्या. यांनी मात्र वाचनाचा जो पिच्छा पुरवला तो आजतागायत. बिस्किटाचा पुडा, खताची गोणी, एसटीतल्या पाट्या, काहीही सुटत नाही, आणि सगळं मोठ्याने. मनातल्या मनात वाचता येतं यावर त्यांचा विश्वासच नाही. "आवाज नाई निघाला तं वाचलं कशावरून?" असं त्यांनी मला भर चक्कीत विचारलं होतं.

पुढे चिखलीला राहणाऱ्या लेकाने त्यांना आपला जुना फोन दिला आणि त्यातलं ब्राउझर कसं उघडायचं ते दाखवलं. तोंडाने विषय सांगितला की लेख समोर हजर. झालं! माणसाला इतकं सुख एकदम देऊ नये.

आता वेबसाइटवाले लेख कसा वाढतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन घास लेख, एक घास जाहिरात, आणि मध्येच कोणीतरी ताटच ओढून नेतं. आपण डोळ्यांनी कचरा बाजूला सारून वाचतो. मनकर्णाबाईंना शब्द गाळायची बंदी. त्यामुळे त्यांचं वाचन असं चाले: "कपाशीवरील गुलाबी बोंडअळी रोखण्यासाठी, या तेलाने गुडघेदुखीपासून झटपट सुटका, शेतकऱ्यांनी शेतात सापळे लावावेत, सूचना मिळवायच्या आहेत का, परवानगी द्या, नको धन्यवाद." बायका गंभीरपणे माना डोलावत. एकदा कोणीतरी विचारलं, "नको धन्यवाद कोनाले म्हनलं वं?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "लेखकाले. बोलाची रीत असते."

गुडघ्याच्या तेलाने कपाशीचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते बोटाने. कागदावर बोट ठेवलं तर कागद गप्प राहतो. फोनवर ठेवलं की फोनला वाटतं, बाईंना हेच उघडायचंय. वाचता वाचता त्यांचं बोट कुठल्या तरी मथळ्याला लागायचं, खालचं पान बदलायचं आणि मनकर्णाबाई दम न घेता नव्या पानावर चालू लागायच्या. भरल्या वांग्याची कृती सुरू व्हायची आणि मसाला परतेपर्यंत कोणत्या तरी नटीचा घटस्फोट निघायचा. आम्हाला सवय झाली होती. मी तर वाटच बघायचो.

पण पुष्पाबाईंच्या वेळेला हसू आलं नाही. निदान नंतर तरी.

पुष्पाबाई म्हणजे मनकर्णाबाईंची शेजारीण आणि जन्माची मैत्रीण. दोघी एकाच साली गावात सून म्हणून आल्या आणि तेव्हापासून रोज भांडतात. पुष्पाबाईंना अक्षर येत नाही. वर्षभरापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी माझ्या दारातल्या खांबाला "ज्ञानेश्वर, दळण झालं का रे?" असं विचारलं तेव्हा मी आतून ओ दिली, खांबाची लाज राखली. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता ऑपरेशन लांबवू नका. येत्या मंगळवारी बुलडाण्याला पेशंटची गाडी जाणार होती. पुष्पाबाई भीतीने थिजल्या होत्या. लेकाचं ऐकेनात, सुनेचं ऐकेनात. म्हणाल्या, "मनकर्णा वाचून दाखवन तं जाईन. थे काही गाळत नाई."

लाईन गेली. मनकर्णाबाईंनी फोन काढला, घसा साफ केला, बोट ठेवलं. लेख चांगला होता. भूल कशी देतात, भिंग कसं बसवतात. पुष्पाबाईंचा चेहरा हळूहळू सैल पडत होता. मनकर्णाबाई वाचत होत्या, "शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरील पट्टी काढल्यानंतर..." आणि बोट सरकलं. "...अंदाज न आल्याने तो खोल विहिरीत कोसळला. रात्रभर त्याच्या ओरडण्याचा आवाज येत होता. सकाळी पिंजरा सोडून त्याला बाहेर काढण्यात आले व तपासणी करून जंगलात सोडून देण्यात आले."

पुष्पाबाई उठल्या.

"म्हंजे आपरेशन बिघडलं तं जंगलात नेऊन सोडतेत?"

"थांब वं, अजून खाली हाय..."

"खाली मले नाई जायचं. ना इहिरीत, ना जंगलात." डबा तिथेच टाकून, भिंत चाचपत त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सून डबा न्यायला आली, आई गाडीत बसणार नाहीत, विषयच काढू नका, असं म्हणाली आणि डबा विसरूनच गेली.

मनकर्णाबाई चक्कीच्या पायरीवर बसून राहिल्या. समोर बिस्किटाचा पुडा पडला होता, तोही त्यांनी वाचला नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माह्या वाचन्यानं पुष्पा आंधळी होईन रे. वाचता नसतं आलं तं बरं झालं असतं."

माझी बायको दीपमाला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवते. सगळ्या गावाच्या फोनवर तिचा डोळा असतो आणि कोणाचीही भीड नसते. तिने मनकर्णाबाईंच्या हातातून फोन घेतला, ब्राउझरचा इतिहास उघडला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, हे पाहा. इथं मोतीबिंदू. अन् त्याच्या लगेच खाली बिबट्या. इहिरीत बिबट्या पडला होता. मानूस नाई."

"मंग मी बिबट्या कवा उघडला?"

"तुमच्या बोटानं उघडला."

मग दीपमालाने शिकवणी घेतली. मागचा बाण दाबला की आलो त्या पानावर परत जाता येतं. वरच्या पट्टीत पानासारखं चिन्ह असतं, ते दाबलं की जाहिराती जातात आणि नुसता लेख मोठ्या अक्षरात उरतो. वाचायच्या आधी कोणी लिहिलंय आणि कधी, ते बघायचं. हा लेख डोळ्याच्या डॉक्टरचाच होता. आणि पान फोनमध्ये उतरवून ठेवलं की नेट नसलं तरी उघडतं. मनकर्णाबाईंना सगळं पटलं, एक सोडून. बोट न ठेवता ओळ हलते म्हणाल्या. दीपमालाने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या चक्कीच्या खराट्यातून एक काडी उपसली. काडी लागली तरी फोनला कळत नाही. मनकर्णाबाईंनी ती ओळीखाली धरून पाहिली आणि पान जागचं हललं नाही. खराट्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

तशाच त्या पुष्पाबाईंच्या अंगणात गेल्या. मागून दीपमाला, आणि विसरलेला डबा पोचवायच्या निमित्ताने मी.

"काऊन आली? बिबट्या सुटला का?" पुष्पाबाईंनी बाजेवरूनच विचारलं.

"थो बिबट्या दुसऱ्या लेखातला होता. माह्या बोटानं उडी मारली. ऐक आता." मनकर्णाबाईंनी काडी टेकवली आणि लेख वाचला. असा स्वच्छ, की त्यांच्या तोंडून तो ओळखू येईना. पट्टी काढली, थेंब टाकायचे, डोकं भिजवायचं नाही, क्वचित कोणाला त्रास होतो, झाला तर लगेच दाखवायचं. लेख संपला.

पुष्पाबाई म्हणाल्या, "गुडघ्याचं तेल कुठी गेलं?"

"काढलं थे."

"परवानगी द्या, नको धन्यवाद?"

"थे बी काढलं."

"मंग बिबट्या बी काढला असन!" पुष्पाबाई कडाडल्या. "इतक्या सालांत तुनं एक शब्द गाळला नाई, अन् माह्या डोळ्याच्या टायमाले गाळून राह्यली? मले फसवतं तू?"

दीपमालाने तोंड उघडलं, पण मनकर्णाबाईंनी हाताने थांबवलं. पानाचं चिन्ह परत दाबलं. सगळा बाजार परत भरला. मग त्या काडीने एकेक शब्द दाखवत, पहिल्यापासून, तेलासकट, परवानगीसकट, नको धन्यवादसकट वाचत गेल्या. "पट्टी काढल्यानंतर, हेही वाचा, विहिरीत पडलेल्या बिबट्याला जीवदान, रुग्णाला त्याच दिवशी घरी जाता येते." काडी बिबट्यावरून सरळ पुढे गेली.

"हां," पुष्पाबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या. "आता खरं वाटलं. बिचारं जितं निघालं ना थे बिबट्या?"

"हाव."

"मंग जातो मी. पन तू संग ये. आत नेतपर्यंत वाच."

मंगळवारी दोघी गाडीत बसल्या. दवाखान्यात नेट नव्हतं, पण उतरवलेलं पान उघडलं. पुष्पाबाईंचा नंबर येईपर्यंत मनकर्णाबाईंनी ते इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने वाचलं की बाकावरचे सगळे पेशंट जवळ सरकले. नर्सबाई दोनदा ओरडून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या ऐकत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना आणायला मी गेलो तेव्हा पट्टी नुकतीच काढली होती. पुष्पाबाईंनी खिडकी पाहिली, मला पाहिलं, "जाडा झाला रे" म्हणाल्या. मग समोर बसलेल्या मनकर्णाबाईंकडे बघत राहिल्या.

"मनकर्णे," त्या हळूच म्हणाल्या, "तुह्या तोंडाले हे काय झालं वं? इतक्या सुरकुत्या? कवा झाली तू इतकी बुढी?"

मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी पदराने ते पुसले आणि हातातली काडी आपल्याच गालावर टेकवली.

"थे सगळी जाहिरात हाय," त्या म्हणाल्या. "तू लेख पाह्य."