फळ्यावरचं डांबर

आज गल्लीत डांबर ओतायला लागले आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात आमच्या तालमीच्या फळ्यावर बापूमास्तर दर रविवारी शब्दकोडं घालायचे. एका रविवारी त्यांनी लिहिलं होतं, ‘निवडणुकीआधी येतो, पावसात जातो. दोन अक्षरं.’ कुणाला सुटेना. मी खडूनं ‘रस्ता’ लिहिलं आणि ओरडून समजावलं, “आपल्या नगरसेवकानं केलेला की!” अख्खा चौक खदखदून हसला.

दुपारी नगरसेवकाची माणसं आली आणि फळ्यावर बोटभर जाड डांबर फासून गेली. हसणाऱ्यांतला एकही गडी जागचा हलला नाही. मीही खाली बघत राहिलो. मास्तर कडाडले, “खोटं लिवलंस व्हय? मग मान वर कर की!”

रस्ता त्याच वर्षीच्या पावसात वाहून गेला. फळ्यावरचं डांबर अजून खरवडून निघत नाही.