ताईला नेलेलं लुगडं

सांगलीहून सायकलवर माणूस आला तेव्हा आई आणि मी चुलीपुढंच होतो. दारात अनोळखी माणूस दिसला की त्या दिवसांत मला वाटायचं, मालकांची तारच आली. मालक लढाईवर गेलेले, ब्रह्मदेशाकडं कुठंतरी. ते गेल्यापासून मी माहेरीच राहत होते. माणूस म्हणाला, "तुमची थोरली गेली. माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलू नगा, असं तिनंच सांगून ठिवलंय." आणि मला आधी हायसं वाटलं. देवा रे, सख्खी बहीण गेल्याचं ऐकून हायसं! रडू मागनं फुटलं.

ताई मिसरूडही न फुटलेल्या नवऱ्यामागं विधवा झाली होती. सासरी धड अन्न मिळेना म्हणून आमच्याकडं आली आणि एक दिवस सरळ म्हणाली, "माझा पाट लावा." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. गावात पुष्कळांच्यात लागायचा; आमच्यात नाही. आम्ही ऊसवाले, शिलेदारांचे वंशज ना! दादानं तिच्यावर हात उगारला. ती त्याच पावली निघून गेली, आणि "आमाला ती मेली" म्हणून दादानं चावडीवर सांगून टाकलं.

पुढं एकदा तो गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत गेला, तेव्हा ती त्याला लांबून दिसली. हळदीच्या वखारीत बसलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. "हळद निवडून पोट भरती. हाय तशीच हाय, एकटी," असं त्यानं घरी येऊन सांगितलं. आईला तेवढाच आधार, की पोरगी कष्टाचं खाते.

विधवा म्हणजे लुगडं पांढरं. पण कापडावर रेशनिंग, दुकानात चिंधी मिळायची मारामार. आई स्वतः विधवा. खूप दिवसांनी तिच्या वाट्याला एक कोरं पांढरं लुगडं आलं होतं, त्याची घडीही मोडली नव्हती. तेच तिनं पेटीतून काढून माझ्या हातात दिलं. तिच्या अंगावरच्या लुगड्याला तीन ठिकाणी ठिगळं होती. "तुज्या हातानं नेसव," म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

सांगलीची मोटार लढाईमुळं पेट्रोलऐवजी कोळशावर चालणारी. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. दादाही बरोबर होता, प्रत्येक चढाला माझ्यापुढं चालत.

वखारीमागं एक खोली होती. बायकांनी वाट दिली. मी ताईच्या तोंडावरची चादर बाजूला केली आणि हात तिथंच थांबला. कपाळावर कुंकू. गळ्यात काळे मणी. पिवळ्या मनगटांवर हिरवा चुडा, चांगला भरगच्च. दादानं लांबून पिवळे हात तेवढे बघितले होते, हळदीनं माखलेला चुडा बघितलाच नव्हता.

उशाशी खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस बसला होता. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो तिचा मालक. जतकडचा. दुष्काळात मेंढरं गेली, तवा हितं हमालीला आला. पाट लागून लय वर्सं झाली की. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. माझ्या हातातलं लुगडं ओढून त्यानं तिच्या पायापाशी टाकलं. "आमची पोरगी विधवा हुती. ह्येच घाला, न्हाईतर ह्यो मी निघालो!"

तो माणूस उठला. मला वाटलं, आता मारामारी होते. पण त्यानं हात जोडले. "पावनं, मी जित्ता हाय. माज्या जित्तेपणी तिला पांढरं घालू नगा."

सवाशिणीला हिरवंच पाहिजे. एक जण पेठेत हिरवं लुगडं बघायला पळाला आणि हात हलवत परत आला. शेजारणीनं आपलं देऊ केलं, तर म्हातारी म्हणाली, "तसं न्हाई, माहेरचंच पायजे. तिनं तोंडानं मागितलंय." ऊन डोक्यावर आलं होतं. दादा दारात पाठमोरा उभा, एक पाय उंबऱ्याबाहेर.

मी माझ्या अंगाकडं बघितलं. हिरवंगार लुगडं, दिवाळीला आईनंच घेतलेलं. ताईच्या पायाशी पडलेलं पांढरं उचललं आणि वखारीतल्या पोत्यांच्या थप्पीमागं गेले.

बाहेर आले तसा दादा ओरडला, "अगं येडे! सवाशीण हायस तू! तुजा मालक लढाईवर हाय!"

"गोळीनं जायचा माणूस गोळीनं जाईल. लुगड्यानं कोण मरत न्हाई," मी फाडकन म्हणाले. बोलले खरी, पण निऱ्या खोचताना देवाचा किती धावा केला होता ते माझं मला ठाऊक.

"अंगावरचं चालतंय व्हय?" कुणीतरी कुजबुजलं.

"माहेरचंच हाय," मी म्हणाले आणि ताईला नेसवायला बसले. म्हातारीनं ओटीसाठी तांदूळ आणि नारळ पुढं सरकवला. ओटी भरताना ताईच्या हाताला हळदीचा वास येत होता. दादानं खांदा दिला नाही, पण निघूनही गेला नाही.

परतताना मी पदर तोंडावर ओढून बसले होते. शेजारची बाई हळूच म्हणाली, "कवा गेलं गं तुजं माणूस?" मी पदर आणखी पुढं ओढला. 'गेलं न्हाई' असं म्हणायचीही भीती वाटली. घरी पोचेपर्यंत मनात एकच. दारात तारवाला उभा असला तर?

दारात आई होती. मला पांढऱ्यात बघितलं आणि तिनं हंबरडाच फोडला. "जावई गेलं गं माजं!"

"न्हाई गं आई, काय खबर न्हाई, खुशाल असतील. ऐक तरी! आपली ताई सवाशीण गेली, पाट लागला हुता तिचा. तुजं हिरवं नेसून गेली."

आई उंबऱ्यावर बसली. दादा बाजूनं आत जाऊ लागला, तर त्याला वाट द्यायला ती सरकलीसुद्धा नाही. मग माझा पदर मुठीत धरून तिनं हिसका दिला.

"काड ते. माजं हाय ते. ज्याचं त्यानं नेसावं."

तिनं मला न्हाणीत ढकलून डोक्यावरनं पाणी ओतलं, स्वतःच्या हातानं ते लुगडं सोडलं, आणि तसंच ओलं आपल्या अंगाला गुंडाळलं. मालक परत येईपर्यंत त्या लुगड्याला तिनं मला शिवू दिलं नाही.