शून्य-शून्यचा संप

त्या दिवशी मैदानात कोन कोन हुतं ते आदी सांगते. मी, माजे धाकटे भावजी, माजी नात रेनू आन तिच्या कबड्डी संघाच्या पोरी, समोरच्या संघाच्या पोरी, पंच, टावेल कारखान्याचे मालक आन तिकीट काडून बसलेली मानसं. स्पर्धा मालकांची, दोन्ही संघ बी त्यांचंच. आन भावजींसारका भांडनात सुख माननारा मानूस आख्ख्या सोलापुरात दुसरा न्हाय.

भावजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चाळीस वर्सं मागावर. युनियन त्यांच्या रक्तातच. चार मानसं जमली की त्यातला एक सेक्रेटरी करनार. पुतनीच्या लग्नात वाडपी उपाशी हायत म्हनून पंगतच थांबवली. नवरदेव जिलेबीकडं बघत बसला. एकदा घरातच नोटीस काडली. मला वाचाया येळ लागतो, म्हनून त्यांनीच मोट्यानं वाचून दावली: वैनीला आटवड्याची सुट्टी मिळालीच पायजे. मिळाली की. रविवारी मी पाय पसरून बसले, आन भावजींनी दोन्ही येळा चुरमुरं खाल्लं. सोमवारी सकाळी म्हनले, "वैनी, मागनी मागं घेतो." माजे घरधनी मरंपर्यंत माज्या हातची भाकरी खात गेले, त्यांना हे कदी सुचलं न्हवतं.

तर कबड्डीचं. तिकीट पन्नास रुपये, मैदानाच्या कडंनं जाहिरातींचे फलक. पोरी जिंकल्या की मिळायचं काय, तर एक चादर आन दोन टावेल. आमच्या घरात टावेल इतके साचले की मांजर बी टावेलावर झोपायची. मागल्या साली खेळताना रेनूचा गुडगा गेला. दवाखान्याच्या पैशापायी माजी बोरमाळ सोनाराकडं गेली ती गेलीच. रडून काय हुतंय, गुडगा उबा ऱ्हायला.

भावजी मालकाकडं गेले. तिकिटाच्या आन जाहिरातीच्या रुपयातलं चार आने पोरींना द्या म्हनले.

मालक हसले. "मामा, पोरी हौस म्हनून खेळत्यात."

"मग तिकीट बी हौस म्हनून फुकट ठेवा की."

मालक म्हनले, न्हाय खेळल्या तर दुसऱ्या पोरी आनतो. भावजी म्हनले, खेळतील की. मागावर आमी असंच करायचो, माग चालू, कापड न्हाय.

सामना सुरू झाला. रेनू कबड्डी कबड्डी करत गेली, पलीकडल्या अंगनातली पयली रेघ वलांडली, कुनाला हात न लावता म्हागारी आली. कुनी धरली न्हाय. तिकडली पोरगी आली, तशीच गेली. तिसऱ्या चढाईला गुन आनलाच पायजे असला नियम त्या स्पर्धेत न्हवता, ते भावजींनी आदीच बघून ठेवलेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग समोरच्या पोरीनं रेनूला बुटाची सुटलेली नाडी दावली. रेनूनं वाकून नाडी बांदली, दम न सोडता, कबड्डी कबड्डी करत, आन आपल्या अंगनात परत आली. मैदान हसून लोळलं. त्येच्यानंतर दर शून्याला लोक टाळ्या वाजवाया लागले. भावजी बाकड्यावर उबे. पंच बी तोंड फिरवून हसत हुते. मालक आपल्याच कारखान्याच्या टावेलानं घाम पुसत हुते.

मदल्या सुट्टीत मालक आले. तीन आने म्हनले. भावजी म्हनले चार. मालकांनी माज्याकडं बघितलं, म्हातारी तरी समजावंल म्हनून.

मी म्हनलं, "चार आने. आन गुडग्याचं बी लिवा."

पंचांच्या म्होरं कागद झाला. दवाखान्याचा खर्च बी मालकाचा. मग पोरी अशा खेळल्या की धुरळाच. रेनूचा संघ एका गुनानं हरला, ती रडत हुती, आन भावजी हरलेल्या संघाच्या नावानं नाचत हुते.

आता भावजींना कमी दिसतंय. कोन चढाईला गेली ते मला इचारत्यात. दारावरचा मानूस सलाम करून आत सोडतो, तरी ते रांगंत उबं ऱ्हाऊन तिकीट काडत्यात, त्यात पोरींचा वाटा हाय म्हनून. पन हल्ली रांग आखूड असती. बरेच लोक मालकाच्या फुकटच्या पासावर येत्यात.

तुमी कदी पोरींची कबड्डी बघाया आलासा, तर पास मागू नका. तिकीट काडा.